शनिवारचं कारण

८ फेब्रुवारी १९९६, गुरुवार
दवाखान्यातच लिहितेय. माझा डेवी गुंगीत आहे. डावा पाय गुडघ्याखाली नाही. हे वाक्य लिहून बघितलं. लिहिता येतं.

शनिवारी गारगोटीला फुटबॉलची मॅच. डेवी गोलकीपर. परतताना मित्राची, बंड्याची गाडी याने चालवायला घेतली, बंड्या मागे. दिवेलागणीला पुढे उसाची ट्रॉली, तिला ना दिवा, ना लाल फडकं. बंड्याला खरचटलं. डेवीचा पाय ट्रॉलीखाली. रविवारी सकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. बेनीने सही केली. माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. तेवीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोने एकमेकांकडे बघायचं टाळलं असं आठवत नाही.

भेटायला येणारा जो तो म्हणतो, जीव वाचला हे काय कमी. कमी नाही. पण ते म्हणायचा हक्क आमचा आहे. दोन पायांवर चालत येऊन, संत्री ठेवून, दोन पायांवर जाणाऱ्यांनी का म्हणावं?

९ फेब्रु., शुक्रवार
संध्याकाळी घरी आले ती अंघोळीपुरती. शब्बाथचा, आपल्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावायची वेळ. पेला पुसलेला, वाती वळलेल्या, तेलाची बाटली तिथेच. आईच्या घरी पेणला लहानपणापासून एक शुक्रवार चुकला नव्हता.

लावला नाही. अंधारात साडी बदलली नि परत दवाखान्यात.

१२ फेब्रु., सोमवार
खालच्या मजल्यावरच्या सुलभावहिनी आल्या. माणूस सोन्यासारखं. गेले आठ दिवस आमच्या दोघांचा डबा त्याच देतात. पण आज डबा ठेवून हळूच जवळ बसल्या नि म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका, पण शनिवारीच झालं बघा. साडेसाती सुरू हाय त्याला. एवढं तेल वाहून येते मी, तुमच्या नावानं नको, माझ्या नावानं वाहते.”

चांगल्या मनाने म्हणाल्या. मी मान हलवली. त्या गेल्यावर डबा तसाच झाकून ठेवला. म्हणजे आकाशात कुणी एक ग्रह बसलाय, त्याला माझ्या पोराशी वैर. आणि थोडं तेल मिळालं की तो शांत होणार. एवढंसं तेल आधी नाही मिळालं म्हणून पाय?

१८ फेब्रु., रविवार
ठाण्याहून फ्लोराबाय आली. बेनीची थोरली बहीण, त्याच्याहून बरीच मोठी, त्याला आईच्या जागी. पांढरी साडी, हातात पिशवी, पिशवीत चिवडा आणि प्रार्थनेचं पुस्तक. डेवीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ पुटपुटत राहिली. मला बरं वाटलं. आपलं माणूस आलं, आता जरा रडता येईल असं वाटलं.

मग बाहेर बाकावर येऊन बसली नि म्हणाली, “हन्ना, शनिवारी झालं ना गं हे?”

मी हो म्हटलं.

“शब्बाथला मुलगा गाडीवर बसून चेंडू खेळायला जातो. तुम्ही दोघं जाऊ देता. आता देव बोलतो तेव्हा ऐकू येतं.”

मी उठून नळावर गेले, तोंड धुतलं, परत आले. ती तशीच शांत बसलेली. मनात एवढंच येत होतं की खालच्या मजल्यावरचा शनी आणि ठाण्याचा शब्बाथ एकाच वारावर भेटले. दोघांनाही माझ्या पोराचाच पाय लागत होता.

२१ फेब्रु., बुधवार
फ्लोराबाय आज परत गेली. जाताना भांडण.

तिचं म्हणणं, एलियाहू हन्नबीच्या, आपल्या प्रेषिताच्या, नावाने मलिदा करा, नवस बोला. आणि डेवीचं नाव बदला. आजारी माणसाचं नाव बदललं तर वरचा हुकूम चुकतो म्हणे. बेनी मान खाली घालून ऐकत होता. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजणारा माणूस, मोठ्या बहिणीपुढे एक शब्द नाही.

मी म्हटलं, मलिदा आपण आनंदाचा करतो. पोर पास झालं, पोर घरी आलं, लग्न ठरलं. पोहे, नारळ, फळं ताटात मांडून आता काय म्हणू? आभारी आहे, एकच नेलास?

“तोंड आवर,” ती म्हणाली.

नावाचं म्हणाल तर तालमीच्या फुटबॉल संघातली पोरं त्याला डेव्हिड म्हणतच नाहीत. ‘देवा’ म्हणतात. दवाखान्याच्या खिडकीखाली उभी राहून हाका मारतात, ए देवा. ऐकलं की माझ्या अंगाची आग होते. तो तरी कुठे ओ देतोय.

२ मार्च, शनिवार
आज शनिवार. शनिवारी आम्ही पेन धरत नाही. मी धरलंय. मुद्दाम.

आज घरी आणलं. दवाखान्याने आज सोडला, आम्ही वार निवडला नाही. जिना अरुंद. तालमीच्या पोरांनी खुर्चीत बसवून वर चढवला, वर येईपर्यंत एकेकाचा जीव मेटाकुटीला, पण खाली ठेवला नाही. डेवीने डोळे गच्च मिटून घेतले होते. कॉटवर टाकल्यावर भिंतीकडे तोंड केलं. पोरं थोडा वेळ उभी राहिली, मग एकेक करून चपला घालून गेली. बंड्या जिन्यात बसून रडत होता. त्याला चहा दिला. त्याच्यावर मी रागावलेय असं त्याला वाटतं. नाही रे बाबा. तुझ्यावर कुठे.

११ मार्च, सोमवार
रजा संपली. एसटी स्टँडवर माझ्या चौकशीच्या खिडकीत परत. माइकवर मलकापूर, राधानगरी, निपाणी सगळं म्हटलं. गारगोटी म्हणायची वेळ आली तर आवाज फुटेना. शेजारच्या कदमबाईंनी माइक ओढून घेतला नि म्हटलं.

दुपारी एक अनोळखी बाई खिडकीशी. गाडी विचारायची सोडून म्हणाली, तुमच्याच मुलाचं ना ते? मग सांगितलं की तिच्या ओळखीत असं झालेला एक मुलगा आता दोन गाड्यांचा मालक आहे. त्यामुळे होतं ते चांगल्यासाठीच.

मी म्हटलं, “तुमची गाडी तीन नंबरला लागलीय.”

घरी आले तर भागातले एक पुढारी येऊन गेलेले. चाकाची खुर्ची देणार, पण स्टेजवर, हार घालून, फोटोसकट. बेनी म्हणाला विचार करून सांगतो. मी म्हटलं, विचार कसला? त्याला आत्ता दाराशी नेऊन ठेवायला खुर्ची हवी आहे, यांना फोटोत एक पाय नसलेला मुलगा हवा आहे. फोन करून नाही म्हणून सांगितलं. फोनवर माणूस दुखावला. त्याला म्हणे माणुसकी दाखवायची होती.

खुर्ची बंड्याच्या मामांनी आणली कुठून तरी. जुनी, एक चाक कुरकुरतं. फोटो काही मागितला नाही.

२९ मार्च, शुक्रवार
आज कामावरून आले तर दिवा लावलेला. बेनीने. पुरुषाने लावायची आपल्यात रीत नाही, त्याला वात कशी ठेवतात तेही ठाऊक नाही. तेल सगळं ओट्यावर. वात वाकडी, काजळी धरत होती.

 पदराने ओटा पुसला. तो म्हणाला, “तू नाही लावत, म्हणून.”

“मी का नाही लावत ते विचारलंस का कधी?”

तो म्हणाला, विचारायची भीती वाटते.

भांडायचं होतं. त्याचा चेहरा बघून भांडता आलं नाही. जेवलो. डेवी भिंतीकडे.

७ एप्रिल, रविवार
सण चालू. आंबवलेलं घरात नाही, तांदळाच्या भाकऱ्या. पहिल्या रात्री बेनीने मिसरच्या गुलामीतून आपल्या लोकांच्या सुटकेची गोष्ट वाचली. धाकट्याने विचारायचे प्रश्न असतात. घरात धाकटा एकच. त्याने विचारले नाहीत. बेनी थांबला, वाट बघितली, मग स्वतःच विचारले, स्वतःच उत्तरं दिली. पन्नाशीचा माणूस लहान मुलाच्या प्रश्नाची चाल धरून गात होता.

समुद्र दुभंगला तो भाग आला तेव्हा मी भांडी घासायला उठले. एवढा समुद्र बाजूला करतो. एक ट्रॉली?

२१ एप्रिल, रविवार
आजचं सगळं लिहायचंय.

तालमीचे वस्ताद आले. सत्तरी उलटलेली, कान मोडून वडे झालेले, जिना चढताना धाप लागली. आमच्या घरी पहिल्यांदाच. बेनीला म्हणाले, “पावणं, बसू का?” हातात किटली, पायाचं सूप, स्वतःच्या घरून. पोराच्या हाडात ताकद यायला.

आपण बाहेरचं मटण खात नाही. फ्लोराबाय असती तर तिने किटली जिन्यावरून खाली दिली असती. बेनी चाचरत म्हणाला, आमच्यात कापायची पद्धत वेगळी असते, राग मानू नका. म्हातारा रागावला नाही. उलट चौकशी सुरू केली, काय काय चालत न्हाय तुमच्यात? बेनीने सांगितलं. सांगता सांगता म्हणाला, आणि मांडीतली एक शीर असते, ती आम्ही कधीच खात नाही.

“ती का बरं?”

“कुस्तीमुळं,” बेनी म्हणाला.

म्हातारा सरसावून बसला. आणि हा माझा नवरा, ज्याने दोन महिने घरात दहा वाक्यं बोलली नसतील, गोष्ट सांगायला लागला. याकोब नदीकाठी एकटा राहिलेला. रात्री कुणीतरी येऊन त्याला भिडला. माणूस होता, देवदूत होता, देवच होता, नीट कुणालाच ठाऊक नाही. पहाटेपर्यंत झुंज. तो कुणी होता त्याला याकोब आवरेना, तेव्हा त्याने याच्या मांडीच्या सांध्यावर हात मारला. सांधा निखळला. तरी याकोबाने धरलेलं सोडलं नाही. म्हणाला, आशीर्वाद दिल्याशिवाय जाऊ देणार नाही. त्या रात्री त्याला नाव मिळालं इस्राएल, देवाशी झुंजलेला. आम्ही सगळे त्याचीच लेकरं, म्हणून बेने इस्राएल. पुढे तो जन्मभर लंगडत चालला.

 वस्तादांनी हिशोब केल्यासारखं विचारलं, “पाठ लागली का त्याची?”

“नाही.”

“मांडी निखळल्यावर बी पकड सोडली न्हाय?”

“नाही सोडली.”

“मग कुस्ती त्यानंच मारली की.”

तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. भिंतीकडूनच. “वस्ताद, फाऊल हुता त्यो.”

आम्ही तिघेही वळलो. डेवी कोपरावर उठलेला. “सांध्यावर मारायचं नसतंय. पडत न्हाय म्हणून मारलं. फाऊलच त्यो.”

बेनीचा चेहरा पांढरा पडला. देवाबद्दल असं त्याच्यासमोर कुणी बोललं नव्हतं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. म्हातारा तर मांडीवर थाप मारून हसला. डेवी हसला नाही. तो खरोखर चिडला होता. डोळे लाल. पण तोंड आमच्याकडे होतं.

सूप आम्ही घेतलं नाही. किटली रिकामी करून सुलभावहिनींच्या मुलांना दिलं, धुऊन परत केली.

२२ एप्रिल, सोमवार
फाऊल. अडीच महिने मी जो शब्द शोधत होते तो हा. शनी नाही, शब्बाथ नाही, चांगल्यासाठी नाही. फाऊल.

आणि फाऊल झाला तर खेळाडू काय करतो? मैदान सोडून जात नाही. रेफरीच्या तोंडासमोर जाऊन ओरडतो.

मी मात्र बोलणंच सोडलं होतं. दिवा नाही, शेमाची प्रार्थना नाही, अबोला. वाटत होतं हीच शिक्षा देवाला. माझ्या अबोल्याने त्याचं काय अडलं? मीच रिकामी होत गेले. सकाळी उठायला अंगात त्राण नसायचं, ते मला वाटायचं जागरणाने.

आज डाळ शिजत असताना, दार लावून घेऊन, बोलले. मोठ्याने. काय काय बोलले ते लिहीत नाही. मराठीत बोलले, आपल्या हिब्रू प्रार्थनेत असे शब्द नाहीत. शेवटी घसा बसला. स्टँडवर कदमबाईंनी विचारलं, सर्दी झाली का?

बोलल्यावर काही बदललं नाही. पाय उगवला नाही. भाजी मात्र आज नीट झाली, मीठ बरोबर पडलं.

२६ एप्रिल, शुक्रवार
दिवा लावला. माझं भांडण मिटलेलं नाही, हे त्याला सांगून लावला. ज्याच्याशी भांडायचं त्याचं तोंड तरी दिसायला हवं.

१९ मे, रविवार
कुबड्यांवर जिना. रोज सकाळी बंड्या येतो, खाली उभा राहतो, दोन्ही हात पसरून, जणू हा वरून उडी टाकणार आहे. आज डेवी चौथ्या पायरीवरून पडला. मी धावले तर ओरडला, “हात लावू नगंस.” पायरीवर बसून इतकं वाईट बोलला, देवाला, ट्रॉलीला, तिच्या न लावलेल्या दिव्याला, की सुलभावहिनी दार उघडून बाहेर आल्या. मला म्हणाल्या, अहो थांबवा त्याला, आईबापासमोर असलं बोलतोय.

मी म्हटलं, बोलू दे.

बोलून झाल्यावर उठला. परत वर गेला नाही. उरलेल्या पायऱ्या उतरून खाली गेला, मग बंड्याच्या खांद्याला धरून वर आला.

१४ जुलै, रविवार
मिरजेला पाय बसवून आणला होता जूनमध्ये. महिनाभर घातला. खुंटाला जखम झाली, पू झाला, औषधं, आणि आता पाय माळ्यावर. “परत न्हाय घालणार.” नवीन मापाचा करू म्हटलं तर उत्तर नाही.

लोकांची पुन्हा ये-जा. आता नवा सूर. मन खंबीर पाहिजे. त्याची इच्छाशक्ती कमी पडते. जखमेला इच्छाशक्तीचा पट्टा बांधायचा का? याच तोंडांनी फेब्रुवारीत दैव म्हटलं होतं. म्हणजे पाय गेला तो दैवाने, आणि चालत नाही तो याच्या चुकीने. वर बसलेल्याला काही विचारायचं नाही, खाली पडलेल्याला विचारायचं.

बेनी हल्ली रोज संध्याकाळी डेवीच्या खुंटाला तेल लावतो.  लावून झालं की बेनी हात धुतो, आणि मगच प्रार्थनेला बसतो. त्या माणसाला मी ओळखत होते असं मला वाटायचं.

१५ सप्टेंबर, रविवार
नव्याचा सण, आपलं नवं वर्ष. दरवर्षी पुण्याला प्रार्थनामंदिरात जातो, यंदा नाही. घरीच सफरचंद, मध. बेनीने फ्लोराबायला फोन केला होता, तिने कळवलंय की दार फाळणीच्या, उपासाच्या सणाला ती इकडे येणार. लेकाच्या घरी करमत नाही म्हणे. फेब्रुवारीनंतर माझं तिच्याशी बोलणं नाही. बेनी विचारतो, चालेल ना? घर तिच्या भावाचं आहे, मी कोण न चालवणारी.

चालणार नाहीये. लिहून ठेवते.

२२ सप्टें., रविवार
फ्लोराबाय सकाळी आली. वाळलीय. डेवीला कुबड्यांवर बघून तोंडाला पदर लावला. त्याने “आत्या, बस की” म्हणून खुर्ची पायाने, एका पायाने, ढकलून दिली. मला हसू आलं, तिला नाही.

आता सूर्य मावळायच्या आत जेवण, मग उपास. बाहेर गणपतीच्या मंडपात स्पीकर. दार फाळणीचा सण, वर्षाचे दरवाजे बंद होणार, आणि गल्लीत सिनेमाची गाणी. चालायचं. त्यांचाही सण आहे.

२४ सप्टें., मंगळवार, सकाळ
काल लिहायचं नव्हतं, म्हणून आज.

काल दिवसभर दार बंद. पांढरे कपडे. बेनी वाचत होता, आम्ही मागून म्हणत होतो. डेवीने उपास धरला नव्हता, पण खोलीत बसून होता, हेच पुष्कळ. दुपार कलली. पापांची कबुली देत छातीवर मूठ मारायची ती प्रार्थना आली. मी मारली. केलीत मी पापं, ती मला माहीत आहेत, त्यांची मूठ मी मारते.

तेवढ्यात फ्लोराबाय डेवीकडे वळली नि मऊ आवाजात म्हणाली, “आजचा दिवस आहे रे राजा. दार बंद व्हायच्या आत त्या शनिवारची माफी मागून घे. म्हणजे पुढचं नीट होईल.”

डेवीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मी गप्प राहिले असते. त्याच्या डोळ्यांत शंका होती. खरंच का आई, असं.

मी उभी राहिले. उपासाने डोळ्यांपुढे काळोखी आली, बेनीचं टेबल धरलं. म्हटलं, “माफी कुणी मागायची ते आधी ठरू दे, फ्लोराबाय. माझ्या पोराने चेंडू अडवला. त्याचा पाय घेतला गेला. मी सकाळपासून इथे बसून ज्याने घेतला त्याच्या माफीची वाट बघतेय. ती आलेली नाही. ती येईपर्यंत माझा मुलगा त्या दिवसाबद्दल कुणाची माफी मागणार नाही. या घरात परत तो वार काढायचा नाही.”

बेनीने मला थांबवलं नाही. पानावर बोट ठेवून तसाच बसला. फ्लोराबाय भिंतीला टेकली, ओठ हलत होते, आवाज नव्हता. दिवस मावळला. मग बेनीने शेवटची प्रार्थना म्हटली, मला वाटलं नव्हतं इतक्या खड्या आवाजात. गणपतीच्या स्पीकरच्या वर.

रात्री उपास सोडला तेव्हा फ्लोराबायने फक्त पाणी घेतलं. आज ती जाईल बहुतेक. जाऊ दे.

२४ सप्टें., संध्याकाळ
गेली नाही.

आज शिळा सण. जुनी माणसं म्हणायची, घरातली गेलेली माणसं दार फाळणीच्या आधी घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. मी विसरले होते. सकाळी स्वैपाकघरात गेले तर फ्लोराबाय ओट्याशी, तांदळाची पेज ढवळत. कुणी मागितली नव्हती. मी विचारलं कुणाला?

“रूथला,” म्हणाली.

रूथ तिची मुलगी, सहा वर्षांची असताना तापाने गेली एवढंच मला माहीत. बेनी तेव्हा शाळेत होता. घरात तिचं नाव कुणी काढत नाही, लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं.

माझ्याकडे न बघता सांगत गेली. तीन दिवस ताप होता. त्या दिवशी सकाळी पोरीने डोळे उघडले, पेज मागितली, गरम. शनिवार होता. शेगडी पेटवायची नसते. आदल्या दिवशीचं थंड अन्न तिला जाईना. नवरा प्रार्थनेला गेलेला. “मी शेगडी पेटवली, हन्ना. पेज केली, भरवली. संध्याकाळी ती गेली.” एवढं बोलून ढवळत राहिली. अडतीस वर्षं तिने हे कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. त्यानंतर एकाही शनिवारी काडी ओढली नाही.

मी म्हटलं, फ्लोराबाय, ताप होता. शेगडीने कुणी जात नाही.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. “काल तू म्हणालीस ते रात्रभर ऐकत होते मी. तू माझं कारण काढून घेतलंस. कारण असलं की धरायला काहीतरी असतं गं. माझी चूक, म्हणून ती गेली. नाहीतर मग तिला उगीचच नेली, असं होईल.”

 सात महिने मी या बाईवर जळत होते. तिने आधी स्वतःला फासावर दिलं होतं, आणि मग तोच दोर घेऊन आमच्या दारी आली होती, मदत म्हणून. आता सगळा राग घेऊन मी कुठे उभी राहू? वर बसलेल्याच्या समोरच. पण आता एका मुलासाठी नाही.

कुबड्यांचा आवाज. डेवी दारात. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“आत्या,” म्हणाला, “मग पेज खाल्ली का तिनं?”

फ्लोराबायने पळी खाली ठेवली. हे तिला कधी कुणी विचारलं नसावं. 

“खाल्ली,” म्हणाली. “सगळी खाल्ली. आणि मागितली.”

“दिलीस?”

“दिली.”

“मग झालं की,” डेवी म्हणाला. “भूक लागलेली पोरीला.”

भिंतीला पाठ लावून घसरत खाली बसला, कुबड्या बाजूला ठेवल्या नि वाटीसाठी हात पुढे केला. फ्लोराबायने त्याला पेज वाढली. थोडी सांडली. मी पुसायला गेले नाही.

दुपारी बेनीला सगळं सांगितलं. तो बहिणीजवळ जाऊन बसला.  तेलाची बाटली घेऊन बसला होता, का ते त्यालाही ठाऊक नसावं.

सोमवारी मिरजेला नवीन माप द्यायची तारीख आहे. डेवी येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. बंड्याला मात्र सोमवारी मोकळा आहेस का विचारत होता.

फ्लोराबाय रविवारपर्यंत राहते म्हणाली. म्हणजे शनिवार या घरात. आम्ही दोघी समोरासमोर, दिवसभर, शेगडी बंद. तिचं कारण मी घेतलं, त्याच्या जागी द्यायला माझ्याजवळ एकच गोष्ट आहे, राग. तो तिला पेलेल का, या वयात? की मीच गप्प बसून तिला तिची शेगडी परत देऊ?